पडदा कुठे बांधायचा

पेण आणि रोहा तालुक्यांतल्या गावांमध्ये मी बरीच वर्षं सिनेमे दाखवतो आहे. तिकीट नसतं. सतरंज्या आणि वीज गावाची, पडदा, प्रोजेक्टर आणि सिनेमा आमचा. आम्ही चारपाच जण आहोत. कुणी शाळेत, कुणी एसटीत, कुणी धाटावच्या एमआयडीसीत पाळीवर. मुंबई-पुण्याचे मित्र हमखास विचारतात, ‘गावात असले सिनेमे चालतात का?’ चालतात. त्याची चिंता आम्हाला कधीच करावी लागली नाही. डोकं चालवावं लागलं ते पडदा कुठे बांधायचा यावर. पडदा जिथे बांधाल त्यावरून ठरतं की सिनेमा कोण बघणार, कुठे बसून बघणार आणि नंतर कोण बोलणार. या कामातून मी जे काही शिकलो, ते जवळपास सगळं या एका गोष्टीतून शिकलो.

आम्ही सुरुवात केली तेव्हा गावोगाव व्हिडिओचा जोर होता. सत्यनारायण असो, हळद असो, हनुमान जयंती असो. नाक्यावरून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने यायचा आणि पहाटेपर्यंत तीन-तीन पिक्चर चालायचे. वर्गणी बहुधा मुंबईतल्या चाकरमान्यांची. आम्ही मात्र १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर घेऊन फिरायचो. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडून फिल्म सोसायट्यांना रिळं मिळत. एका ओळखीच्या सोसायटीमार्फत ती आम्ही मिळवायचो. पत्र्याचे गोल डबे एसटीतून खोपोलीमार्गे पेणला यायचे. एका मोठ्या रिळात साधारण पाऊण तासाचा सिनेमा मावतो. म्हणजे दोन तासांच्या सिनेमात दोनदा तरी थांबायचं, दिवे लावायचे, रीळ बदलायचं. या थांबण्याचा लोकांना त्रास होईल असं वाटायचं, पण झालं उलटंच. दिवे लागले की माणसं एकमेकांकडे वळून बोलायला लागायची. पुढे काय होणार यावर पैजा लागायच्या, मागचं न कळलेलं विचारून घेतलं जायचं. आता सगळं लॅपटॉपवर असतं, थांबायची गरज नाही. तरीही मी मध्ये दोनदा सिनेमा थांबवतो. नव्या मुलांना ते खटकतं, पण हा हट्ट मी सोडलेला नाही.

पेणच्या खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या पट्ट्यातल्या, एका गावात ‘संत तुकाराम’ लावला होता. प्रभातचा १९३६चा हा सिनेमा, दामले-फत्तेलाल यांचा. मुंबईत तो वर्षाहून जास्त चालला आणि १९३७च्या व्हेनिस महोत्सवात गौरवला गेला. गावाला या माहितीशी काही घेणं नव्हतं. गावात माळकरी घरं पुष्कळ, हरिनाम सप्ताह कधी चुकत नाही. समाजमंदिर गच्च भरलं. विष्णुपंत पागनीस पडद्यावर आले तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी हात जोडले. पण सगळा हॉल खरा हलला तो जिजाईमुळे. आजारी पोराला खेचत ती देवळात येते आणि थेट विठोबावर पायताण उगारते, तो प्रसंग सुरू झाला आणि बायकांच्या बाजूने असा आवाज उठला की संवाद ऐकू येईनात. नंतरच्या गप्पांत पुरुष अभंगांवर बोलत होते, चमत्कारांवर बोलत होते. एक म्हातारी मागून म्हणाली, ‘तुकाराम गेला वैकुंठाला, न पोरांना भाकर कोनी घातली?’ त्यानंतर अर्धा तास बोलणं फक्त जिजाईवर चाललं. भक्तिपट म्हणून शिकवला जाणारा हा सिनेमा घर चालवणाऱ्या बाईचाही आहे, हे मला कुठल्या पुस्तकाने इतक्या स्पष्टपणे सांगितलं नव्हतं.

त्याच रात्री दुसरं रीळ बदलायला दिवे लावले तेव्हा दाराकडे नजर गेली. पायऱ्यांवर, चपलांच्या ढिगाच्या पलीकडे, कातकरी वाडीवरची माणसं उभी होती. काखेत पोरं घेतलेल्या बाया, दोघे म्हातारे, पाचसहा मुलं. मी म्हटलं, आत या, जागा आहे. एक जण म्हणाला, ‘नको, हितनंच दिसतंय.’ हॉलमधलं कुणी त्यांना येऊ नका म्हणालं नाही. याही म्हणालं नाही. हॉल गावकीचा. गावकीत वाडीची घरं नाहीत, वर्गणीत त्यांचं नाव नाही. पावसाळ्यात ज्यांच्या शेतात ही माणसं राबतात, त्यांच्याच हॉलच्या उंबऱ्याबाहेर ती आपणहून थांबतात. भांडण नाही, तंटा नाही, म्हणून कुणाला ते दिसतही नाही.

पुढच्या खेपेला आम्ही एक युक्ती केली. हॉलच्या रुंद दारातच पडदा बांधला. आमचा पडदा मांजरपाटाचा, कडेला काळी पट्टी शिवलेला. कापड पातळ, त्यामुळे चित्र आरपार दिसतं. आतले आतून बघतील, बाहेरचे बाहेरून. पलीकडे चित्र जरा मंद दिसायचं, पण दिसायचं. गर्दी दुप्पट झाली, आम्हीही खूश होतो. सिनेमा संपल्यावर आश्रमशाळेतून सुट्टीला आलेला एक मुलगा माझ्याजवळ आला. नुकता वाचायला शिकलेला असावा. म्हणाला, ‘सर, आमच्याकडनं अक्षरं उलटी का दिसतात?’ मी त्याला पडद्यापलीकडे नेलं, प्रकाश कुठून येतो ते दाखवलं. त्याला ते लगेच कळलं. मग त्याने विचारलं, ‘मग मशीन आमच्या बाजूला का नाही लावलं?’

त्यानंतर दारात पडदा बांधला नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेचं अंगण धरलं. शाळेत गावाची मुलं येतात तशी वाडीचीही येतात. अंगणाला उंबरा नाही. शाळेच्या भिंतीला चुना मारून घेतला की पडद्याचीही गरज उरत नाही. खारेपाटातला वारा मांजरपाटाचा पडदा शिडासारखा फुगवतो, सुतळ्या तोडतो. भिंतीला ती भीती नाही.

अंगणात मात्र चंद्राचं गणित करावं लागतं. शुद्ध पक्षात चांदणं पडद्यावर पडतं आणि चित्र पुसट होतं. अमावास्येला अंधार छान असतो, पण त्या रात्री बायाबापड्या पोरांना घेऊन बाहेर पडत नाहीत. शिवाय पुनवेला आणि अवसेला खाडीला उधाण असतं. बांधाला खांड गेली तर सगळ्या गावाला धावावं लागतं, कारण एकदा खारं पाणी शेतात शिरलं की पुढची दोनतीन वर्षं पीक धड येत नाही. हे मला एका शेतकऱ्यानेच समजावलं. त्याने तारीखही काढून दिली: वद्य अष्टमीच्या आसपास. चंद्र मध्यरात्रीशिवाय उगवत नाही आणि खाडीला भांग असतो, म्हणजे भरती कमी चढते. तेव्हापासून पेणच्या खारेपाटात आमची तारीख पंचांग बघूनच ठरते. वेळ बायकांनी ठरवली. उघड्यावर दहानंतर लाऊडस्पीकर चालत नाही, म्हणून आठला सुरू करायला हवं. आठला सुरू करायचं तर भाकऱ्या सातच्या आत व्हायला हव्यात. एका गावात बायकांनी परस्पर ठरवलं की सिनेमाच्या दिवशी रात्रीचं जेवण दिवेलागणीलाच. पुरुषांना ते नंतर कळलं.

एवढं करूनही कातकरी वाडीचं कोडं सुटलं नव्हतं. दिवाळी झाली की वाडी रिकामी होते. माणसं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. कुणी जिल्ह्यात, कुणी थेट परराज्यात. परततात ती पावसाच्या तोंडावर. म्हणजे आकाश मोकळं असतं तेव्हा वाडीत माणूस नाही, आणि माणसं असतात तेव्हा पाऊस. पावसात छप्पर हवं आणि छप्पर असलेला हॉल गावकीचा. आम्ही बराच काळ यावर चर्चाच करत राहिलो. शेवटी आमच्यातल्याच एकाने विचारलं, ‘वाडी भट्टीवर गेली असेल तर आपण भट्टीवर का जात नाही?’

भट्टीवर माणसं पहाटे तीन-चारला कामाला लागतात. रात्री दोन तासांचा सिनेमा त्यांना परवडत नाही. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी खर्ची मिळते आणि काम कमी असतं; तीच संध्याकाळ योग्य. मालकाची परवानगी काढली. पडदा विटांच्या ट्रकला आडवा बांधला. समोर कच्च्या विटांच्या रांगा, बाजूला भाताच्या तुसाचा ढीग, आणि भट्टी पेटलेली असल्यामुळे थंडीतही अंगाला ऊब. सिनेमा निवडला तो चॅप्लिनचा ‘द किड’. १९२१चा मूकपट, तासाभराचा. मधल्या पाट्या मराठीत वाचून दाखवायचं काम माझं होतं. दोनतीन पाट्या वाचल्या असतील, तोवर वाडीतल्याच एका मुलीने त्या कातकरी बोलीत सांगायला सुरुवात केली. पाट्यांपुरतं नाही, मधलंही सगळं. चॅप्लिन काय विचार करतो आहे, पोराला भूक कशी लागली आहे, शिपाई कुठून येतो आहे. मी वाचणं थांबवलं. मूकपटांच्या जमान्यात थिएटरात उभं राहून गोष्ट सांगणारे असत हे मी वाचलं होतं. कसे असत ते त्या मुलीकडे बघून कळलं. पोर काचा फोडतं आणि चॅप्लिन मागून त्या बसवायला येतो, त्यावर भट्टी हसून हसून लोटपोट झाली. पण अनाथाश्रमाची माणसं पोराला ओढून गाडीत घालतात तेव्हा बायांनी मोठमोठ्याने शिव्या द्यायला सुरुवात केली. एक बाई उठून पडद्यापर्यंत गेली. स्वतःचं पोर पाठीशी बांधून विटा वाहणाऱ्या बाईने तो प्रसंग कसा पाहिला असेल, ते मी शब्दांत सांगू शकत नाही. ती बराच वेळ तिथेच उभी होती, आणि मागच्या कुणी तिला बस म्हटलं नाही.

रोह्याकडचा अनुभव वेगळा. धाटावला रासायनिक कारखाने. माणसं तीन पाळ्यांत वाटलेली, त्यामुळे सगळ्यांना सोयीची रात्र मिळणं मुश्कील. एका वसाहतीतल्या हॉलमध्ये ‘मॉडर्न टाइम्स’ लावला. हाही १९३६चाच, ‘संत तुकाराम’च्या वर्षीचा. मालक कारखान्यातल्या मोठ्या पडद्यावरून कामगारांवर नजर ठेवतो, सिगारेट ओढायला गेलेल्या चॅप्लिनला न्हाणीघरातसुद्धा सोडत नाही, तिथे हॉलमध्ये जो हशा झाला त्यात नुसती गंमत नव्हती. जेवणाची वेळ वाचावी म्हणून कामगाराला भरवणारं यंत्र येतं, तेव्हा एक जण ओरडला, ‘अरे, आमच्या साहेबाला दाखवू नका!’

पण इथेही जागेचा प्रश्न होताच. खुर्च्यांवर कायम कामगार आणि त्यांची कुटुंबं. मागे जमिनीवर आणि भिंतीला टेकून कंत्राटी पोरं. एकाच प्लांटमध्ये एकच काम करणारी ही माणसं. कुणी तशी व्यवस्था केली नव्हती, ती आपोआप झाली होती. तेव्हापासून आमचा एक नियम झाला: खुर्च्या फक्त म्हाताऱ्यांना आणि ज्यांना खाली बसता येत नाही त्यांना. बाकी सगळे सतरंजीवर, सरपंच आणि शाखाप्रमुखसुद्धा. या नियमावरून दोन ठिकाणी आम्हाला परत बोलावलं गेलं नाही. तरी तो नियम आम्ही बदलला नाही, आणि बदलणारही नाही.

रोह्यात श्याम बेनेगलांच्या ‘अंतर्नाद’ची मागणी पुष्कळ वेळा झाली. स्वाध्याय परिवाराच्या कामावरचा हा १९९१चा सिनेमा, आणि त्या परिवाराचे प्रवर्तक पांडुरंगशास्त्री आठवले रोह्याचे, म्हणून. मी सोबत बेनेगलांचाच ‘मंथन’ही सुचवतो. १९७६चा हा सिनेमा गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून उभा केला. हे सांगितलं की ‘तुमचा खर्च कोण देतं?’ या नेहमीच्या प्रश्नाला वेगळं वळण लागतं. गावची माणसं स्वतः हिशोब करायला लागतात: आपल्या गावात घरं किती, दर घरामागे दहा रुपये म्हटले तर प्रोजेक्टर किती वर्षांत येईल. दोन गावांनी खरोखरच घेतला.

गणपतींचं गाव म्हणून पेण सगळ्यांना ठाऊक आहे. हमरापूर, जोहे या भागात घराघराला कारखाना. तिथे वर्षभर उसंत नसते. आषाढ-श्रावणात तर रात्री नसतातच. मोकळा वेळ मिळतो तो विसर्जनानंतर, पितृपंधरवड्यात. अशाच एका रिकाम्या कारखान्यात ‘पथेर पांचाली’ दाखवला. फळ्या मोकळ्या, भिंतींना शाडूची आणि प्लास्टरची पांढरी धूळ. सिनेमा बंगाली, मी थोडक्यात गोष्ट आधी सांगून ठेवली होती. संपल्यावर बराच वेळ कुणी बोलेना, तेव्हा आखणी करणारा एक कारागीर म्हणाला, ‘त्या म्हातारीचे डोळे कुणी आखले?’ मला आधी प्रश्न कळला नाही. त्याला इंदिर ठाकरुणबद्दल विचारायचं होतं. म्हणाला, ‘मी हजारो डोळे आखले, पण सगळे देवाचे, सगळे तरुण. म्हाताऱ्या माणसाचा डोळा मी कधी आखलाच नाही.’ चुनीबाला देवींच्या चेहऱ्यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. त्यातलं जे मी वाचलं, त्यातलं काहीच या वाक्याइतकं माझ्या लक्षात राहिलेलं नाही.

पेणच्या डोंगरपट्ट्यातल्या एका ठाकरवाडीत ‘जैत रे जैत’ दाखवला. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, वर्ष १९७७. ठाकरांवरचा सिनेमा ठाकरांना दाखवायचा म्हणून आम्ही फार उत्साहात होतो. म्हातारे लोक आग्या मोहळ उतरवताना दोर कुठे बांधावा यावर सिनेमापेक्षा जास्त वेळ वाद घालत बसले. तरुणांपैकी एकाने मात्र विचारलं, ‘यात आमच्यातलं कोण आहे?’ नाग्या आणि चिंधी झालेले मोहन आगाशे आणि स्मिता पाटील, दोघंही पुण्याची. तसं मी सांगितलं. त्याने मान हलवली. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पण आजही तो सिनेमा कुठे लावताना मला त्याचा प्रश्न सुरुवातीलाच लोकांसमोर ठेवावासा वाटतो, आणि मी ठेवतो.

मधल्या काळात खंड पडले. २००८ साली पेणच्या खारेपाटात सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राच्या, विरोधाचं वातावरण होतं. २१ सप्टेंबरला २२ गावांतल्या शेतकऱ्यांनी जमीन द्यायची की नाही यावर मत नोंदवलं. त्या वर्षी समाजमंदिरांत रोज बैठका. सिनेमाला जागा नव्हती, आणि ते योग्यच होतं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं. रोहा, मुरुड, श्रीवर्धनकडे घरांचे, शाळांचे पत्रे उडाले, कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती, त्यात करोना. आमचा एक प्रोजेक्टरही त्या पावसात गेला. नंतर बऱ्याच गावांत नवे हॉल उभे राहिले. स्टेज मोठं, फरशी गुळगुळीत, पंखे, शटर. लग्न-साखरपुड्याचे दिवस सोडले तर बहुतेक हॉल कुलपात असतात, आणि किल्ली कुणाकडे आहे हे शोधण्यात आमची अर्धी दुपार जाते.

म्हणून हे वाचणाऱ्याला माझं सांगणं इतकंच. तुमच्या गावात समाजमंदिर असेल तर ते कुठल्या पैशातून झालं ते बघा. आमदार निधी, खासदार निधी, ग्रामपंचायतीचा पैसा. बहुतेक ठिकाणी सरकारी निधी असतोच. तो निधी वाडीचाही आहे. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत आज प्रोजेक्टर आहेत. मुख्याध्यापकांना भेटा, एका शनिवारच्या रात्रीसाठी मागा. कायद्याने चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं राहतो, त्यामुळे ‘संत तुकाराम’ दाखवायला निर्मात्याची परवानगी लागत नाही. नव्या सिनेमासाठी निर्मात्याला पत्र लिहा. गावासाठी म्हटल्यावर बहुतेक जण हो म्हणतात, असा माझा अनुभव आहे. आणि तारीख ठरवायला बसाल तेव्हा गावकीकडे जाण्याआधी वाडीवर जा. त्यांना कुठली रात्र मोकळी आहे ते विचारा, आणि मशीन त्यांच्या बाजूला लावा.